तंबाखूच्या पाकिटातले पत्ते कोणी कापले

अब्बा, गेल्या शुक्रवारी माझ्या पोरीने तुमची ती गोष्ट पाहुण्यांपुढे सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. पाहुणे म्हणजे तिला बघायला आलेले. मुलगा, त्याची आई आणि त्याची खाला. आमच्या कुवेतमधल्या, फरवानियाच्या घरात चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहायचं, म्हणून मी सांदणांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मुलाच्या आईच्या ओढणीचा एक दोरा निघाला होता, तो ती कधीची ओढत बसली होती. शेवटी म्हणाली, "कातर हाय का गो घरात?" आणि माझी पोर, जिला मी कधी दात दाखवून हसू नको म्हटलं नाही, ती म्हणाली, "आंटी, मम्मीकडे नका मागू. शी कट्स एव्हरीथिंग." मग सांगितलीच तिने सगळी. मम्मी लहान असताना अहमदीला होती, तिथे एका अमेरिकन साहेबाचे जुने मोलाचे पत्ते होते, मम्मीने एका दुपारी कातर घेतली आणि सगळेच्या सगळे कापून ठेवले. नानांची नोकरी जाता जाता वाचली. खाला हसून हसून खोकायला लागली. मुलगा म्हणाला, "मग आम्ही लग्नात फीत कापायला मम्मींनाच बोलावू." मीसुद्धा हसले. ताट ठेवलं, आत गेले, आणि नळ सोडून उभी राहिले.

पोरीला ही गोष्ट तिच्या पप्पांनी सांगितली. पप्पांना तुम्ही सांगितलीत. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तुमची शिवणाची मशीन गेली, तुमचं दुकान पाडून तिथे रस्ता झाला, तुमचा फोटो नाही, कारण तुम्ही काढू दिला नाहीत. राहिली ती एवढी गोष्ट. आणि ती खोटी आहे. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे. मी शिकलेली नाही, गावच्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेले, म्हणून आडवंतिडवं लिहीन. तुम्ही असता तर म्हणाला असता, पाल्हाळ नको, मुद्द्याचं बोल. मुद्द्याचंच बोलते. पण पहिल्यापासून बोलते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. तुम्ही कुवेतहून आलात ते आईच्या चाळिसाव्यालाच. सगळ्यांनी सांगितलं, पोरीला फुफीकडे, तुझ्या बहिणीकडे ठेव, परमुलखात पोर कुठे नेतोस, तिथे आपल्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत. हे मी विसरलेले नाही, लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल फक्त वाईटच काढलं. मुंबईहून बोटीत बसलो, आठ दिवस मी ओकत होते आणि तुम्ही माझं डोकं धरून बसला होतात. मग अहमदी. वाळू, वाळूत एकसारखे बंगले, बंगल्यांपुढे कंपनीच्या पाण्यावर वाढवलेलं गवत, आणि लांब जळणारा गॅस. तेव्हा इथे आपलाच रुपया चालायचा. बाजारात तुमचं दुकान. तुमचं म्हणजे अरब मालकाचं, परवाना त्याचा, मशीन तुमच्या. मागे पडदा लावून आपली खोली, एक स्टो, दोन चटया. मी सकाळी चहा करायची, भाकरी थापायची, आणि मग पुढे येऊन तुमच्या पायाशी बसायची. साहेब लोकांचे शर्ट, खाकी अर्ध्या चड्ड्या, मेमसाहेबांचे पडदे. काज मी करायची, बटणं मी लावायची, तुरपाई मी करायची. दहा वर्षांची होईपर्यंत माझी तुरपाई कापडाच्या सुलट बाजूने दिसत नसे. तुम्ही गिऱ्हाईकाला दाखवून म्हणायचात, "बघा, टाका शोधून काढा." पण माझी, असं कधी म्हणाला नाहीत.

आणि कातर. काळी, जड, मुठीला चिंधी गुंडाळलेली. रोज काम संपलं की तेलाचं बोट फिरवून फ्लॅनेलच्या तुकड्यात बांधून वर ठेवायचात. मला तिचा आवाज आवडायचा, जाड कापडातून जाताना दबका यायचा तो. मी एकदा मागितली. नुसती धरायला. तुम्ही म्हणालात, "पोरींनी सुई धरावी. कापड बेततो तो उस्ताद." मी म्हटलं, मला शिकवा मग बेतायला. तुम्ही दोरा तोडत म्हणालात, "सुई चुकली तर उसवता येतं. कातर चुकली तर काय चिकटवशील?" बरोबरच होतं. तेच तर म्हणते, तुम्हाला माहीत होतं.

आता साहेब. मीनाला जिथे तेलाची जहाजं लागतात तिथला इंजिनियर. लांब हाडांचा माणूस, तुम्हाला त्याच्या पँटींना नेहमी कापड जास्त लागायचं. त्याची बायको इंग्रज, लहानपणी कलकत्त्याला वाढलेली, म्हणून तिला मोडकं हिंदुस्तानी यायचं. पडद्यांचं माप घ्यायला तुम्ही मला बरोबर नेलंत, आणि तिने मला बघून विचारलं, ये बच्ची स्कूल नहीं जाती? झालं. आठवड्यातून तीन सकाळी तिच्या व्हरांड्यात मी जायला लागले. शेजारच्या बंगल्यातल्या दोन छोट्या पोरी आणि मी. पाटी, खडू आणि लिंबाचं सरबत. मी पत्ते पाहिले ते तिथेच.

पत्ते म्हणते, पण खेळायचे नव्हेत. माझ्या तेव्हाच्या अर्ध्या तळहाताएवढं जाड कागदाचं चित्र. चित्रात एक माणूस, डोक्यावर चोच असलेली टोपी, हातात मुसळासारखा दांडू. बेसबॉल म्हणून त्यांच्याकडचा खेळ आहे, त्यातले हे जुने खेळाडू. मागे तंबाखूच्या कंपनीची जाहिरात. साहेब सांगायचा आणि मेमसाहेब मला समजावायची. पूर्वी सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असे, ते वाकू नये म्हणून आत एक असला पत्ता घालत. लोक पत्त्यासाठी तेच पाकीट पुन्हा घेत. साहेबाचा आजोबा त्या सिगारेटी ओढायचा, आणि पत्ते नातवासाठी कोटाच्या खिशात ठेवायचा. आजोबा गेला, पत्ते हरवले, थोडे राहिले. बाकीचे साहेब मोठेपणी शोधत होता. अमेरिकेत कुठे कुठे पत्रं पाठवायचा, आणि महिना-दोन महिन्यांनी एखाद्या पुस्तकाच्या पानात दडवलेला एखादा पत्ता टपालाने यायचा. त्या दिवशी साहेब मीनाहून आला की हात दोनदा धुवायचा. मग पत्ता दिव्याजवळ नाही, खिडकीजवळ नेऊन बघायचा. एक पत्ता तर असा होता की तो फार थोडेच दिवस छापला, म्हणून मिळतच नाही. त्याच्यासाठी साहेबाने आपल्याकडचे वीस दुसऱ्याला देऊन टाकले होते. मी मनात म्हणायची, एका टोपीवाल्यासाठी वीस टोपीवाले. वेडा आहे. पण मला ते वेड कळायचं. का ते सांगता येत नाही.

मी इंग्रजी अक्षरं त्या पत्त्यांवरून शिकले, अब्बा. मेमसाहेब चित्राखालचं नाव वाचायला लावायची. साहेब मला टोप्यांच्या रंगांवरून ते लावायला द्यायचा, आणि मी चुकत नसे. धरायचे कसे तेही त्याने दाखवलं, दोन बोटांनी मधोमध, कडेला हात नाही. कोपरे मऊ झालेले, कडा फुलासारख्या उकललेल्या. मी विचारलं, हे असे का फाटके? मेमसाहेबाने साहेबाला विचारलं आणि मला सांगितलं, "दादाजी का अंगूठा." आजोबा खिशात हात घालून चालता चालता त्याच कोपऱ्यावर अंगठा घासत राहायचा म्हणे. पावसाळा संपल्यावर, असं मी अजून म्हणते बघा, इथे कुठला पावसाळा, उन्हाळा संपल्यावर ती मला एका बाईंच्या शाळेत घालणार होती, जिथे आपल्याकडच्या चार-दोन साहेबांची मुलं जायची. तुमच्याशी बोललीही होती. तुम्ही हात जोडून "जी मेमसाहेब" म्हणाला होतात.

कापडी वही ही माझी अक्कल. साहेबाचे पत्ते बिस्किटांच्या डब्यात असायचे, एकमेकांवर घासायचे. मीच म्हटलं, माझे अब्बा कापडाची वही शिवून देतील, पानापानावर खिसे, खिशाखिशात पत्ता. साहेबाला ते इतकं आवडलं की त्याने माझ्याशी हात मिळवला. डबा मी उचलून आणला, दोन्ही हातांनी, भर उन्हात, बंगल्यापासून बाजारापर्यंत. मापासाठी पत्ते लागणार होते ना. तुम्ही खाकी ड्रिल काढलंत, आतून मऊ मलमल. किती सुंदर झाली होती ती वही. बांधायला नाडी, नाडीच्या टोकाला लाकडी गुंडी. मी काज केलं होतं.

तुम्ही एक पत्ता मोजलात, त्याच्यावरून फर्मा केलात आणि सगळे खिसे एका फर्म्यावर शिवून टाकलेत. चड्डीला दोन खिसे सारखे असतात, सदऱ्याला एकच, तुम्हाला काय ठाऊक की एका पाकिटातला पत्ता दुसऱ्या पाकिटातल्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा मोठा असतो. अर्धे बसले, अर्धे बसेनात. मालक येऊन गेला होता, वही झाली का म्हणून, कारण कंपनीच्या पडद्यांचं मोठं काम याच साहेबाच्या शब्दावर मिळणार होतं. खिसे उसवायचे तर दोन दिवस जाणार. तुम्ही दुपारची, जोहरची नमाज पढून आलात, बसलात, एक पत्ता उचललात, कडेवरून बोट फिरवलंत आणि वरची कातर काढलीत.

मी म्हटलं, "अब्बा, नको. साहेब कडेला बोट नाय लावत."

"म्हणूनच तर कडा तशाच मळक्या राहिल्यात." तुम्ही पट्टी ठेवून खडूने रेघ मारलीत. "दोरे निघालेली कड कोण ठेवतो? गिऱ्हाईकाला देताना कड साफ करून द्यायची असते."

"हे कापड नाय ना पण."

"तू मला शिकवतेस?"

तुम्ही कापायला लागलात. चारी बाजू, एकेक पत्ता. आवाज वेगळा येत होता, कापडासारखा दबका नाही, कोरडा. लसणीच्या सालींसारखे बारीक कागद चटईवर पडत होते आणि तुम्ही खुशीत होतात. खरंच खुशीत होतात, गुणगुणत होतात. तुम्हाला वाटत होतं की वरचं काम फुकट करून देतो आहोत, साहेब खूश होईल. तो वीस देऊन एक घेतलेला पत्ता, तो तर खिशात बसत होता. तरी त्याचीही कड कापलीत, सगळे सारखे दिसावेत म्हणून. कचरा मी झाडला. सुपलीतून बाहेर टाकला आणि वारा तो घेऊन गेला.

साहेब आणि मेमसाहेब गुरुवारी दुपारी आले. मालकही बसला होता, तस्बीहचे मणी फिरवत. साहेबाने वही हातात घेतली, नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली, मला डोळा घातला. मग एक पत्ता काढला. मग दुसरा. मग वहीच पालथी करून सगळे कापायच्या टेबलावर काढले आणि स्टुलावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, कोणी कापले?

तुम्ही मालकाकडे बघितलंत. मी तुमच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. आधी मालकाकडे, मग वरती कातरीकडे, मग माझ्याकडे. म्हणालात, "बच्ची ने किया साब. मैं नमाज को गया था. छोटी है, अक्कल नहीं. माफ करो." आणि थप्पड मारलीत. तोपर्यंत तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हतात. कान वाजत होता, त्यातून मालक काहीतरी अरबीत म्हणाला ते ऐकू आलं, आणि तुम्ही पुन्हा, "बच्ची है साब, बच्ची है." नमाजेचं नाव घेतलंत अब्बा. ते कशाला घेतलंत?

साहेब माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. मेमसाहेबाने विचारलं, तूने किया? सच बोल. मी हो म्हटलं.

इथपर्यंतचं मी तुम्हाला माफ केलं असतं. खोटं नाही बोलत. काम गेलं असतं, परवाना गेला असता, पुढच्या बोटीने दोघं परत, आणि घरी खायला काय? माणूस घाबरतो. माझा हात धरून त्या दिवशी पडद्यामागे नेलं असतंत, म्हणाला असतात, पोरी, चुकलं माझं, तुझ्या अंगावर ढकललं, तर मी तुमची भाकरी थापायला बसले असते आणि जन्मभर तोंड उघडलं नसतं. मी वाट बघत होते. तुम्ही जेवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "उद्यापासून बंगल्यावर जायचं नाही." जायला बोलावणार तरी कोण होतं? शाळेचं कोणी नाव काढलं नाही. पडद्यांचं काम मात्र मिळालं. साहेबाने पत्ते नेले, वही नेली नाही. तिच्या ड्रिलच्या तुम्ही दोन पिशव्या केल्यात.

महिन्याभरात रत्नागिरीकडचं एक कुटुंब परत जात होतं, त्यांच्या बरोबर मला बोटीत बसवलंत. फुफीला द्यायला एक चिठ्ठी दिलीत, पाकीट चिकटवून. फुफीने वाचून घेतली कोणाकडून तरी आणि त्याच संध्याकाळी घरातली कातर, विळी, अडकित्ता सगळं उचलून फळीवर ठेवलं. म्हणाली, "बापाने लिवलंय, हिच्या हाताला खोड हाय. लोकांच्या वस्तूला हात घालते." त्या गावात मी लग्न होईपर्यंत राहिले. कोणाचं काही हरवलं की आधी माझ्याकडे बघायचे. एकीच्या नव्या साडीचा पदर उंदराने कुरतडला तर फुफीने मला उपाशी ठेवलं. मुली म्हणायच्या, "कातरीवाली आली गो, वेण्या सांभाळा." फुफी मेली तेव्हा तिच्या ट्रंकेत ती चिठ्ठी मला मिळाली. मला जोडून जोडून का होईना, वाचता येत होतं. तुमचं अक्षर. तुम्ही घाबरून बोलला होतात ते मालकापुढे. ही चिठ्ठी लिहिताना समोर कोण होतं? मालक नव्हता, साहेब नव्हता. मी चहा करत होते पडद्यामागे, आणि तुम्ही बसून, दौतीत टाक बुडवून, सावकाश लिहिलंत.

मग लग्न. नवरा मीनाला गोदामात, बरा माणूस. मी पुन्हा कुवेतला आले तेव्हा रुपया जाऊन दिनार आला होता आणि तुमचे केस पांढरे झाले होते. बंदरावर तुम्ही मला मिठी मारलीत आणि रडलात. मला वाटलं, आता बोलतील. जेवायला आलात, मी सुरमई केली होती, तिखट, तुम्हाला आवडते तशी. नवरा लिंबू कापायला सुरी शोधत होता आणि तुम्ही म्हणालात, "जावईबापू, सुरी-कातर जपून ठेवा हो. हिची कथा ऐकलीत का?" आणि सांगितलीत. रंगवून सांगितलीत, साहेबाच्या आवाजाची नक्कल करून. मी वाढत होते. कालवणाची डाव तशीच हातात राहिली. नवरा हसला, तुम्ही हसलात, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं अब्बा. भीती नाही, लाज नाही.

त्यानंतर तुम्ही मला घरी काम द्यायला लागलात. चांगुलपणाने, मला चार पैसे सुटावेत म्हणून. दर शनिवारी गाठोडं आणायचात, फ्रॉक, सदरे, सगळं बेतलेलं. कापून, खडूच्या खुणा करून. मी शिवून द्यायची. ईदला तुम्ही मला जांभळं रेशमी कापड आणलंत, इतकं सुरेख की मी हातात घेऊन बघतच राहिले, आणि उलगडलं तर तेही बेतलेलं. बाह्या वेगळ्या, गळा वेगळा, कळ्या वेगळ्या. मी म्हटलं, "अब्बा, अख्खं आणायचं होतं. मी बेतलं असतं." तुम्ही डोक्यावरून हात फिरवून म्हणालात, "तुझ्या हातात कातर द्यायची म्हणजे मला धडकी भरते गो." थट्टा करत नव्हतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हाला ते खरंच वाटतं. इतक्या वेळा सांगितलंत की तुमच्यापुरतं ते झालं.

शेवटच्या आजारात मी रोज डबा घेऊन यायची. पेज आणि मुगाची आमटी. तुम्ही उशीला टेकून बसायचात, बोटं चादरीच्या कडेवरून फिरत असायची, सवयीने. एकदा दुपारी कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि सरळ विचारलं, मला वळसे घालता येत नाहीत. "अब्बा, साहेबाचे पत्ते कोणी कापले होते?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डोळे स्वच्छ होते. मला वाटलं, आलं. आता आलं.

"तू लहान होतीस," तुम्ही म्हणालात. "किती वर्षं मनात ठेवलंस गो? मी तर कवाच माफ केलंय तुला."

मी चमचा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. पेज भरवली, तोंड पुसलं, घरी आले. तीन दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला माती दिली तेव्हा लोक म्हणाले, पोर रडत नाही, धक्का बसलाय. धक्का कसला. माफी घेऊन आले होते मी, ती कुठे ठेवू ते कळत नव्हतं.

आता मी बेतते. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात बाजारातून कातर आणली. शेजारणींचे पायघोळ अबाये, शाळेचे गणवेश, कोणाचं काही बिघडलेलं नाही आजवर. पोरीने हे रोज बघितलंय, तरी तिला तुमची गोष्टच खरी वाटते, कारण ती हसायला बरी आहे. शुक्रवारी पाहुणे गेल्यावर मी तिला बसवणार होते आणि सगळं सांगणार होते. लग्न होऊन जाईल, ही गोष्ट तिथेही घेऊन जाईल, तिच्या मुलांना सांगेल. ती भांडी पुसत होती. मी म्हटलं, "ते पत्ते मी नव्हते कापले." ती म्हणाली, "ओके मम्मी," आणि मग थांबून, "पण मग तू यस का म्हणालीस?"

हाच प्रश्न नवऱ्याने विचारला होता, एकदाच, पुष्कळ वर्षांपूर्वी, त्याला खरं सांगितलं तेव्हा; पोरीला ती गोष्ट तोवर पाठ झाली होती. मी म्हटलं होतं, अब्बांना वाचवायला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मला बरा वाटला होता. पोरीलाही तेच सांगितलं, आणि तिनेही ओल्या हातांनी मला मिठी मारली. "पुअर मम्मी." म्हणून तर हे लिहायला बसले. ती मिठी मला दोन दिवस टोचते आहे.

साहेब गुडघ्यावर बसला होता ना, तेव्हा त्याच्या हातात तो दुर्मिळ पत्ता होता. त्याने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि मेमसाहेबाला काहीतरी म्हणाला. तिने मला सांगितलं, साहेब म्हणतो, एवढ्याशा मुलीचा इतका सरळ हात? होऊच शकत नाही. त्याला तुमचा संशय आला होता, अब्बा. त्याने मला वाट करून दिली होती. मी नुसती मान हलवली असती तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता. तुमची नोकरी, परवाना, बोट, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. तुम्हीही नव्हतात. मी एवढंच ऐकलं की इतका सरळ हात. इतकी वर्षं तुमच्या पायाशी बसले, कोणी माझ्या हाताबद्दल असं बोललं नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं. आणि तिने पुन्हा विचारलं तेव्हा मान वर करून, नीट मोठ्याने म्हटलं, हात माझाच.

हे पोरीला सांगणार नाही. हे पत्र पाडलेल्या दुकानाचा पत्ता घालून पोस्टात टाकायला मी खुळी नाही. तुम्ही मला फसवलंत ते खरंच आहे, त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण तेवढ्या घडीला मला तुमचा राग आला नव्हता. थपडेने गाल जळत होता आणि मी आतून खूश होते.